अंड्यावरची मादी

सोलापूर, सरकारी तारांच्या आतली वस्ती

सुकऱ्यादादा, धाकट्या मंजीचं डोकं तुज्या पायावर.

दचकू नगंस, हे मीच लिवलंय की! नात रेशमीनं अक्षरं गिरवून घेतली. आमी बरं हाय. करमाळ्याकडं तित्तर हायत का अजून?

काल रेशमीच्या फाशात तित्तर घावला. पोट चाचपून म्हणली, "आज्जे, अंड्यावरची मादी हाय, सोडती." तू मला शिकवलेली रीत मीच तिला सांगितली हुती. लई हरीक झाला, आन् तितंच रडू आलं.

दादा, दुष्काळात तुज्या फाशातली अशीच मादी आपल्या पालावर कापली, म्हणून पंचांनी तुला जातीबाहेर काढलं. ती मी कापली हुती. पोरं दोन दिस उपाशी हुती. तुला ठावं हुतं, तरी गप ऱ्हायलास, व्हय ना?

आज मी पंचांपुढं बोलले. "म्हातारे, इतकी वर्सं का दडवलंस?" म्हणले.

त्यांनी तुला परत जातीच्या पंगतीत घेतलंय, जेवायला ये. वैनीचा गुडघा बरा असंल तर तिलाबी आण. मला आता पंगत न्हाय. रेशमी वाढंल, मी तारंजवळ बसून तुला जेवताना बघीन.

तुजी चुकलेली भन,
मंजी