टेम्पोमागचं दुकान

२० मे, सकाळी
ठरलं. आजपासून कुढणं बंद, तक्रार सुरू.
परेशचा पाण्याच्या जारचा टेम्पो दुकान उघडायच्या सुमारास दारातच येऊन लागतो, तो दिवेलागणीपर्यंत. भरलेले जार उतरतात, रिकामे चढतात, मग मिथुन ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर करून झोपतो. ‘कमळाकर शालेय भांडार’ या पाटीतलं रस्त्यावरून फक्त ‘डार’ दिसतं. कोण येणार?
दीपेशने काल जेवताना सांगितलं. बाबा, हा जून बघू, नाही जमलं तर जुलैपासून गाळा भाड्याने. मुलगा चांगला आहे. पण बारावीला मराठी सोडून आयटी घेतलं, तेव्हाच मला शंका आली होती.
जून जमणार. गिऱ्हाईक आहे. त्याला दुकान दिसत नाही, एवढंच.
बायको, भामा, म्हणाली, रविवारी टेम्पो नसतो, तेव्हा कोण येतं? रविवारी लोक कर्नाळ्याला पक्षी बघायला जातात. हिला कोण समजावणार.

२२ मे, दुपारी
गल्लीच्या तोंडाशी सम-विषमची पाटी आहे. विषम तारखेला गाड्या आमच्या बाजूला, सम तारखेला समोरच्या बाजूला. परेशचा टेम्पो रोज आमच्याच बाजूला. म्हणजे एक दिवसाआड गुन्हा. कायदा माझ्या पाठीशी आहे, निदान अर्धा महिना.
दीपेशकडून फोनवर ट्रॅफिक तक्रारीचं अ‍ॅप घेतलं. तक्रार साध्या सरकारी मराठीत लिहिणं मला जमणार नाही. भुजंगप्रयातात लिहिली:
उभा राहतो टेंपु दारी सदा हा
न ये ग्राहकू, एकटा मीच, पाहा
टेम्पोचा टेंपु करावा लागला. वृत्तासाठी तेवढी सूट चालते. एकदा मोठ्याने म्हणून पाहिली आणि पाठवली. साहेब कुठल्या तरी शाळेत शिकलाच असेल. दोन ओळी वाचून उठेल.

२४ मे
तक्रार नामंजूर. कारण: वाहन क्रमांक नाही.
क्रमांक मुद्दाम गाळला होता. कसाही फिरवला तरी वृत्तात बसत नाही. आकड्यांना लघु-गुरू पाळायची सवयच नाही.

२६ मे
चौकीवर जाऊन आलो. हवालदार भला माणूस. फोन हातात घेऊन कविता दोनदा वाचली. मग विचारलं, काका, यात नक्की झालंय काय? मी म्हटलं, टेम्पो. ते म्हणाले, मग टेम्पो असं लिहा, नंबर टाका, फोटो टाका, आणि मागच्या दोन ओळी घरी ठेवा.
मान्य केलं. मोठ्या लढाईत छोटी माघार चालते. उद्यापासून गद्य.

२७ मे
विषम. टेम्पो कायद्याने उभा. काही करता आलं नाही. दिवसभर त्याच्याकडे बघत बसलो.

२८ मे
फोटो काढताना परेशने बघितलं. विचुंबे गावचा पोरगा, वडिलांचं शेत सरकारी संपादनात गेलं, त्या पैशात त्याने हा धंदा टाकला. राग-बीग काही नाही. म्हणाला, काका, गाडी काय डोक्याव ठेवू काय? तुमचा गिऱ्हाईक आला का नुसती हाक मारा, आमी हलवतो. आन् तुमी त्या उन्हात कशाला उभं ऱ्हाता?
मग एक थंड जार माझ्या दुकानात ठेवून गेला. लाच आहे हे उघड आहे. पाणी प्यालो, पण मन वळलं नाही.

१ जून
काल एकतीस, आज एक. दोन्ही विषम. कॅलेंडरसुद्धा परेशला सामील.

४ जून, संध्याकाळी
फोटो काढायला बाहेर उभा होतो, तर मन मागे गेलं. जूनमध्ये इथे रांग लागायची. ओवे गावातून, उरणकडून पोरं यायची. माझा नियम ठरलेला: पुस्तक नंतर, आधी मागच्या वर्षीची कविता म्हण. म्हटली की एक पेन्सिल माझ्याकडून. बाप घाई करायचे, मी ऐकायचो नाही. एकजण पुढची ओळ विसरला की रांगेतून दहाजण ओरडायचे. नव्या पुस्तकाचा वास, खाकी कव्हरांची सरसर आणि पावसावरची कविता एका सुरात.
पेन्सिलींचा नवा डबा मागवून ठेवला. हसत हसत भामाने विचारलं, कुणाला देणार, मिथुनला?
या सगळ्यात फोटो काढायचा राहिला.

८ जून
यशाची चाहूल. तीन तक्रारी मंजूर. हवालदारांचा फोन आला. परवा क्रेन पाठवतो म्हणाले, सकाळीच फोटो टाका.
परवाच डेपोतून सीझनची पुस्तकंही येणार आहेत. एका दिवशी दोन मुहूर्त. पंचांग बघायची गरज नाही.

१० जून, दुपारी एक
क्रेन आली. जेवायला घरी आलो होतो, खिडकीतून दिसली. चष्मा दुकानात राहिला, पण टेम्पोची पाठ बिनचष्म्याचीही ओळखतो मी. मागची दोन चाकं अधांतरी, गल्लीच्या तोंडाशी वळला आणि गेला. ताटावरून उठून टाळी वाजवली. भामाला म्हटलं, बघ, लेखणीचं बळ. आणखी एक पोळी वाढून घेतली.

१० जून, संध्याकाळी
तो परेशचा टेम्पो नव्हता.
पुस्तकांचा टेम्पो आला, तेव्हा जागा नव्हती. परेशने मिथुनला उठवलं. काकांचा माल हाय, गाडी काढ म्हणाला, आणि स्वतःचा टेम्पो समोर नेऊन लावला. पुस्तकांचा ड्रायव्हर माझी वाट बघत चहाला गेला. तेवढ्यात क्रेन.
पहिली ते सातवी, सगळे विषय, आकाशाकडे पाय करून गेले.
परेशने क्रेनवाल्यांना विनवण्या केल्या म्हणे. ते म्हणाले, तक्रार याच दुकानदाराची आहे.

१२ जून
चौकीवर गेलो. तक्रार मागे घेतो म्हटलं. हवालदार म्हणाले, काका, तक्रार खरी होती ना? सम तारीख होती ना? मग मी काय करू? आवाजात कणव होती. ती जास्त लागली.
डेपोतून फोन. यापुढे तुमच्या गल्लीत गाडी येणार नाही, माल स्वतः घेऊन जा.
दीपेश ओरडला असता तर बरं झालं असतं.

१६ जून
शाळा सुरू. पुस्तकं काल आली. उचललेल्या गाड्या ठेवतात त्या ट्रॅफिकच्या यार्डातून परेशने स्वतःच्या टेम्पोतून आणली. ताडपत्री टाकली होती, तरी दुसरीचे गठ्ठे खालून भिजले. त्याला म्हटलं, तू कशाला? तो म्हणाला, दुसरा कोन जाणार हाय, काका?
आज टेम्पो समोरच्या बाजूला. पाटी पूर्ण दिसते, अक्षर न् अक्षर. दहाला दुकान उघडून पेन्सिलींचा डबा पुढे घेतला.
दुपारी एक आई आत आली. आनंदाने उठलो. तिने विचारलं, काका, जारवाले कुठे गेले, नेहमी इथे टेम्पो असतो ना? बाहेर येऊन दाखवला. जाता जाता तिने सांगितलं, शाळेतच सगळं किट मिळतं आता, वह्यांसकट.
पहिला दिवस असाच असतो. उद्या बघू.

२३ जून
उद्या बघू, हे रोज लिहितोय. आज नुसती तारीख लिहिणार होतो.
रात्री दीपेश जवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, बाबा, परेश गाळा मागतोय. मी म्हटलं, महिना संपलेला नाही. हो म्हणाला आणि बसूनच राहिला. शेवटी मीच त्याला झोपायला पाठवलं.

१ जुलै
जार आत आले. पाटी तशीच ठेवलीय. परेश म्हणाला, ऱ्हाऊ द्या, नावाला वजन हाय. पुस्तकं मागच्या फळीवर. काय करावं कळेना, नुसता उभा होतो. तर तो म्हणाला, तुमी घरी बसून काय करणार? हितंच बसा. मिथुन माल आणायला गेला का जागा धरायची, बस. तुमचा दरारा हाय गल्लीत.
नाही म्हणावं असं वाटलं. पण घरी भामा पूर्ण दिवस माझ्याकडे बघणार, याची कल्पना करवेना. आणि तसं पाहिलं तर हेही व्यवस्थापनच आहे.

२ जुलै, संध्याकाळी
माझी वेताची खुर्ची रस्त्यावर ठेवून बसलो. जरा पाय मोकळे करायला उठलो, खुर्ची कडेला घेतली, तेवढ्यात एक स्कूटर जागेत घुसली. बाप आणि मागे सात-आठ वर्षांची मुलगी.
म्हटलं, हलवा, इथे टेम्पो येतोय. तो म्हणाला, काका, दोनच मिनिटं. मी म्हटलं, सगळे दोनच मिनिटं म्हणतात. आज सम तारीख आहे, पाटी वाचता येत नाही का? खिशातली पेन्सिल काढून त्याच्यादेखत स्कूटरचा नंबर लिहून घेतला. मग त्याने स्कूटर वळवली.
वळताना मुलगी विचारत होती, बाबा, पुस्तक नाही घ्यायचं? तो म्हणाला, इथे एक आजोबा होते, कविता म्हटली की पेन्सिल द्यायचे. आता पाण्याचं दुकान झालंय.
मी हाक मारली. हॉर्नमध्ये ऐकू गेली नसेल.
मुलगी मागे वळून कवितेसारखं काहीतरी पुटपुटत होती. ओळ कळली नाही. दुसरीच्या पुस्तकातली असावी.
तसं पाहिलं तर तारीख सम होती. स्कूटर चुकीचीच होती. पाच मिनिटांत त्याच जागेवर मिथुनने टेम्पो लावला. जागा छान धरलीत म्हणाला.
नंबर लिहिलेला आहे. उद्या चौकीवर जाऊन या नंबरवरून पत्ता मिळतो का विचारीन. तक्रार नाही म्हणून सांगीन. एक पेन्सिल द्यायची राहिलीय.