गोलासमोरचं सारवण

१४ ऑगस्ट १९४८
पेढा! दत्तोपंत स्वतः येऊन हातावर ठेवून गेले. लंडनला आपण हॉकीत इंग्रजांना चार गोलांनी लोळवलं म्हणून. म्हणे, "सुनीतीबाई, आज तुमचा दिवस!" माझा दिवस! हेच गृहस्थ शाळेच्या समितीचे चिटणीस. यांनीच गेल्या सोमवारी मला ठराव वाचून दाखवला — मुलींची हॉकी बंद, मैदानावर सभागृह. हातात दांडकं घेऊन धावणं मुलींना शोभत नाही म्हणे.

वर आमंत्रण! २२ तारखेला, रविवारी, त्याच मैदानावर विजयोत्सव. मांडव, बँड, सभागृहाची कोनशिला, आणि 'नगरच्या जुन्या हॉकीपटू' म्हणून मला शाल-नारळ.

पेढा कुत्र्याला घातला. त्यानंही हुंगून सोडला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन करून आले. दिवसभर एकच विचार — आयुष्यभर केलं तरी काय मी?

पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी हातात स्टिक दिली. सेंटर हाफ खेळले. इलाख्याच्या संघात निवड झाली, गोऱ्या मडमांना पाणी पाजलं. पेपरात नाव आलं तेव्हा वडील म्हणाले, "कापून ठेव, पण कुणाला दाखवू नकोस." मग इथल्या शाळेतली नोकरी आणि माझी पहिली टीम. खरी कमाई तीच.

नगरची काळी माती. पाऊस रुसला की भेगा, बॉल भेगेत गेला की पाताळात. रोलर मागून थकले. शेवटी म्हटलं, अंगण सारवतात तसं सारवू या! प्रत्येक सामन्याआधी भेगा बुजवायच्या आणि गोलासमोरचं अर्धवर्तुळ शेणानं सारवायचं. पहिल्यांदा मी बसले तेव्हा मिरजगावची चांगुणा, माझी लेफ्ट विंग, खो खो हसली होती — "बाई, शेनात हात घालताय का चहात बिस्कूट बुडवताय?"

नियम एकच. जी सारवणार नाही ती खेळणार नाही, मग वकिलाची मुलगी का असेना. एकदा पुण्याची अंपायर ओल्या सारवणावर बूट घालून निघाली. बघायला आलेल्या बायका अशा ओरडल्या की बिचारी वाळेपर्यंत बूट हातात घेऊन काठावर उभी!

यंदाही पाऊस नाही. भेगा आहेत. सारवायला कोण आहे?

१७ ऑगस्ट
मैदानावर आज चारच मुली. शोभाही नाही — माझी सेंटर फॉरवर्ड! घरी गेले तर तिची आई केशरबाई दारातच आडवी. "पारनेरची मंडळी तिला पाहायला यायचीत, बाई. नडगीवरचे हे वळ बघून काय म्हणतील?"
"म्हणतील, मुलगी माघार घेणारी नाही!"
"तेच तर नको आहे ना!"
शोभा दाराआड होती. पैंजण वाजले, पण बाहेर आली नाही.

घरी येऊन रडले. चक्क रडले.

१९ ऑगस्ट
मांडवाचे खांब रोवायला सुरुवात. पहिला खड्डा नेमका गोलासमोर! दत्तोपंतांना तिथंच गाठलं.

"सुनीतीबाई, आता वय झालं तुमचं. मानानं बसा."
"झालं माझं वय. त्या चौदा वर्षांच्या मुलींचंही झालं का?"
"त्यांना लंगडी आहे, फुगडी आहे —"
"हो! लंडनला आपण फुगडीतच जिंकलो ना!"

गडी हसले. हसू दे. रविवारी कोनशिला बसली की सगळं संपलं.

२० ऑगस्ट
गुडघे आणि राग — दोन्ही ठणकतात.

२१ ऑगस्ट
चांगुणा आली, मिरजगावहून सर्व्हिस मोटारीनं. आजी झाली, पण जिभेची धार तीच.

"उद्या शाल घ्याया जानार न्हवं?"
"मसणात गेली शाल! मी दार लावून बसणार आहे."
"आन् मैदान?"
"गेलं. कुणाच्या जिवावर भांडू? चार पोरींच्या?"

पिशवी उचलून उभी राहिली. मग म्हणाली, "तुमी लई शिकवलं, बाई. मैदान सोडून पळायचं तेवढं न्हवतं शिकवलं." चहाला हातही न लावता निघून गेली.

खरं बोलली, म्हणून झोंबलं. आता तिनंही टाकलं मला.

२२ ऑगस्ट
राहवलं नाही. गेले.

मांडवाबाहेर ही गर्दी! पाहुणे, बँडवाले, कोनशिला घेऊन आलेला गवंडी — सगळे काठावर, जोडे हातात. आत एक खुर्ची नाही, एक माणूस नाही. मांडवाखालची सगळी जमीन ओली, हिरवीगार, नुकती सारवलेली. पाय टाकायला कुणी धजेना. दत्तोपंत घड्याळ बघत विचारत होते, "हे वाळणार कधी?"

पलीकडे पदर खोचून माझी जुनी टीम उभी. त्या चार पोरीही. आणि कोपरापर्यंत शेणानं माखलेली शोभा!

गोलासमोर हातभर जागा तेवढी कोरडी. चांगुणानं शेणाची पाटी तिथं आणून आदळली.

"ह्यो तुमचा वाटा, बाई. सारवल्याबिगर खेळाया न्हाई मिळायचं."

मी पदर खोचला.