एका मात्रेचा अधिकार

ता. मुळशी, जि. पुणे
दि. ३ मार्च २०२५

चि. विजयमाला हिस,
अ. उ. आ. वि. वि.

विषय : परिचारिकेच्या अधिकारकक्षेबाबत तुझा अभिप्राय मिळण्याबाबत.

तेराव्यापर्यंत तू इथे राहून स्वयंपाकघर सांभाळलेस. त्याबद्दल त्या वेळी दोन शब्द बोलणे मला जमले नाही. दूरध्वनीवर बोलू लागलो की माझा आवाज नीट राहत नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या ताईस जाऊन आज वीस दिवस झाले. घर व्यवस्थित आहे. गवळ्यास दूध कमी करण्यास सांगणे मला चार दिवस जमले नाही. तोवर उरलेले दूध शेजारी बहिरूकडे पाठवीत होतो. बहिरूची बायको भाकरी आणून देते. नको म्हटले की ती म्हणते, तुमी ऱ्हाऊ द्या तुमचं नको, ताट हितं ठिवते.

घडले ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळले असेल, क्रमाने लिहितो. ११ फेब्रुवारीस सकाळी मागील पडवीत कुरडया वाळत घालताना तुझ्या ताईचा हात वाशाखालच्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यास लागला. मानेवर व दंडावर चार डंख झाले. ओठ सुजू लागले, म्हणून मी तिला गावच्या उपकेंद्रात नेले. पोहोचण्याची वेळ ११.०५. तेथे डॉक्टर नसतातच. पदवीधर आरोग्य अधिकारी बाई प्रशिक्षणास गेल्या होत्या. हजर होती ती शबनूर, सहायक परिचारिका, कंत्राटी. तिने ११.१९ वाजता ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले. ११.५० वाजता, बहिरूच्या पिकअपमध्ये, पिरंगुटच्या अलीकडे तुझी ताई गेली.

चि. अमोघ रविवारी बावधनहून येऊन गेला. आईच्या मृत्यूबाबतचा तक्रारअर्ज त्याने संगणकावर टंकून दिला. मसुदा माझा आहे. माझे म्हणणे एवढेच, की असे तीव्र औषध स्वतःच्या मताने देण्याचा अधिकार या दर्जाच्या परिचारिकेस नाही आणि तो नसताना तिने ते दिले. तू बत्तीस वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होतीस. एवढे लेखी कळव, म्हणजे मी ते चौकशीपुढे ठेवीन.

गुडघ्यास तेल लावीत जा. ताईच्या मागे तुमच्या माहेरी आता तूच वडील. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
नरहरी

* * *

सातारा
९ मार्च २०२५

ती. दाजी यांस,
विजयमालाचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. घरच्या पत्राला विषय घातलेला पाहून रडताना हसू आले. ताई म्हणायचीच, आमच्याकडे भाजीच्या पिशवीलासुद्धा जावक क्रमांक पडतो. भाकरी गरम असताना खात जा. ताट झाकून कपाटात ठेवून, घड्याळात एक वाजल्यावरच काढता, हे बहिरूच्या बायकोने मला फोनवर सांगितले आहे.

आता तुम्ही विचारले त्याबद्दल. उपकेंद्रातली ए.एन.एम. म्हणजे दोन वर्षे शिकलेली. मी जी.एन.एम., तीन वर्षांची आणि वर बाळंतपणाचे शिक्षण. पदवीवाल्या मुली चार वर्षे शिकतात. परिषदेत नोंद तिघींची होते, पगार आणि मान मात्र तीन तऱ्हांचे. यांतल्या कुणालाही स्वतःच्या मनाने औषध ठरवता येत नाही. एक तर डॉक्टरांनी सांगावे लागते, नाहीतर आधीच आखून दिलेले असते की अमुक झाले तर अमुक द्या. उपकेंद्रात मुलगी एकटी असते, म्हणून तिला अशा काही गोष्टी आखून दिलेल्या असतात. बाळंतिणीचे रक्त थांबेना तर काय, झटके आले तर काय. लस दिल्यावर एखाद्याची छाती भरून आली, घसा सुजला, तर ॲड्रेनॅलिनची एक मात्रा टोचायची आणि पुढे पाठवायचे. एकच, दुसरी नाही.

गांधीलमाशीचे नाव त्यात असल्याचे मला माहीत नाही. म्हणजे कागद तुमच्या बाजूचा आहे, हे मी लपवत नाही. पण लस असो की डंख, शरीरात होते ते एकच, आणि औषधही तेच. ते औषध ताईला द्यायलाच हवे होते. माझ्यासमोर असती तर मीही दिले असते आणि नंतर कुणाच्याही पाया पडले असते.

दाजी, एक राहून गेले. तुम्ही वेळा मिनिटांनिशी लिहिल्यात. अकरा पाच आणि अकरा एकोणीस. मधल्या चौदा मिनिटांबद्दल एक ओळही नाही. कुपी फोडून सुई टोचायला मिनिटभर लागते. ती पोरगी तेवढा वेळ काय करत होती? हे कळल्याशिवाय अर्ज पाठवू नका.

रात्री दार आतून लावून घेत जा. धाकटीवर लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

आपली,
विजयमाला

* * *

ता. मुळशी, जि. पुणे
दि. १५ मार्च २०२५

चि. विजयमाला हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र काल मिळाले. तक्रारअर्ज त्यापूर्वीच, ५ मार्च रोजी, नोंदणीकृत टपालाने रवाना झाला आहे. २ एप्रिलला पौडला चौकशी आहे. शबनूरचा करार महिनाअखेर संपतो. चौकशीचा निकाल लागेपर्यंत तो पुढे वाढविला जाणार नाही, असे कळले. अमोघला हे योग्य वाटते. मला त्यात आनंद नाही. परंतु पद्धत ती पद्धत.

चौदा मिनिटांचा खुलासा पुढीलप्रमाणे.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती नोंदवही लिहीत होती. तुझ्या ताईकडे पाहताच तिने लसीकरणाची तातडीची पेटी उघडली व कुपी हातात घेतली. मी तिला थांबवून विचारले की तिचे शिक्षण काय. ती म्हणाली, ए.एन.एम., आजोबा, आजींना आडवं करा आधी. मी औषध कोणते ते विचारले व पेटीतील कार्ड मागितले. कार्डावर स्पष्ट शब्दांत लसीकरणानंतरच्या प्रतिक्रियेचा उल्लेख होता. मी तिच्या निदर्शनास आणले की माझ्या पत्नीने कोणतीही लस घेतलेली नाही, सबब हे कार्ड तिला लागू होत नाही, व डॉक्टरांच्या आदेशाशिवाय तिने काहीही टोचू नये. ती म्हणाली की हितं आत रेंज न्हाई, वर पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जावं लागतंय, आधी सुई देते मग फोन लावते. मी म्हणालो, आधी आदेश.

ती प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना फोन करण्यास धावत गेली. फोन लागण्यास वेळ लागला असावा. धावत परत आली व म्हणाली की डॉक्टरांनी ताबडतोब द्यायला सांगितलंय. लेखी काही नव्हते. तरीही त्यानंतर मी आडकाठी केली नाही, हे लक्षात घे.

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षे काढली. आपल्या कक्षेबाहेर जाऊन चांगुलपणाने केलेली कामे पुढे कोणाच्या मुळावर आली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. समोर होती बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. तुझ्या ताईच्या अंगात कोणीही काहीही टोचावे, हे मला सोसणारे नव्हते. विजयमाला, मी तिला जपत होतो.

अभिप्राय २ एप्रिलपूर्वी मिळावा. तुझे पत्र आले की घरात कोणी बोलल्यासारखे वाटते. तेव्हा रागावलीस तरी लिहिणे थांबवू नकोस.

तुझा,
नरहरी

* * *

सातारा
२३ मार्च २०२५

ती. दाजी यांस,
नमस्कार.

तुमचे पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचले. तिसऱ्या दिवशी एस.टी.ने पुण्याला आले आणि तिथून पौडला. तुमच्याकडे आले नाही. घराच्या इतक्या जवळ येऊन मागे फिरले, हे तुम्हाला लागेल. मलाही लागले. पण त्या दिवशी तुमचे तोंड बघवले नसते.

शबनूर बाजारपेठेमागे राहते. वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. मी ताईची बहीण म्हटल्यावर तिच्या आईने खुर्ची पुसून दिली आणि पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली, वॉर्डात आम्ही मेट्रनपुढे उभ्या राहायचो तशी. ताई दर सोमवारी रक्तदाब मोजायला जायची आणि जाताना हिच्यासाठी डब्यात काहीतरी न्यायची, हे तुम्हाला ठाऊक होते का? मला नव्हते. पोरगी म्हणाली, आजी म्हणायच्या, तू एकटीच दिसतीस गं, जेवलीस का.

तिने चौकशीला दिलेला खुलासा मी वाचला. एक पान आहे. रुग्ण आला, लक्षणे ओळखली, आत रेंज नसल्यामुळे डॉक्टरांशी संपर्कास विलंब झाला, संपर्क होताच त्यांच्या तोंडी आदेशावरून एक मात्रा दिली. बस. तुम्ही थांबवल्याचे एक अक्षर नाही. विलंब स्वतःवर घेतला आहे. मी विचारले की बाई, खरे का लिहिले नाहीस. तर म्हणते, त्यांना माहीतच असंल की. अन् माहीत नसंल तर मी कशाला सांगू, घरात एकटंच माणूस हाय ते.

मग तिची आई बोलली. म्हणाली, आमची पोर लई बोलत न्हाई, पण त्या दिवसापास्नं झोपत न्हाई, मी आजोबांचं ऐकलंच कशाला असं म्हणती.

दाजी, तुम्ही अभिप्राय मागितलात, तो घ्या. डॉक्टरांचा आदेश फोनवर मिळाला, म्हणून सुई दिली ती अधिकारात. तिने कक्षा ओलांडली नाही. ती ओलांडायला तयार होती आणि तुम्ही ओलांडू दिली नाही. आधी दिली असती तर ताई वाचलीच असती, असे मी छातीठोक म्हणणार नाही. खूप वर्षे ही कामे केली, काही माणसे सगळे वेळेवर मिळूनही जातात. पण त्या औषधाला काम करायला जो वेळ लागतो तो ताईच्या वाट्याला आला नाही, एवढे मला कळते.

तुम्ही ताईला जपत होतात यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच जास्त त्रास होतो.

दोन तारखेला काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. अमोघला विचारू नका. लोभाचे आज काही लिहीत नाही.

विजयमाला

* * *

ता. मुळशी, जि. पुणे
दि. ४ एप्रिल २०२५

चि. विजयमाला हिस,
अ. उ. आ. वि. वि.

परवा पौडला जाऊन आलो. अमोघ न्यायला येणार होता. त्यास नको म्हणून कळविले व बहिरूच्या पिकअपमध्ये गेलो. वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, आप्पा, खरं त्ये सांगून मोकळं व्हा, लई वाळलाय तुमी. म्हणजे त्यासही ठाऊक होते. बहुधा गावात सर्वांस ठाऊक होते व माझ्यापुढे कोणी बोलले नाही.

चौकशी अधिकारी तरुण होते व सौजन्याने वागले. मी तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले. ते म्हणाले की कारण नमूद करावे लागेल. मी उभा राहून सांगितले की परिचारिका अकरा वाजून सहा मिनिटांनी औषध देण्यास सिद्ध होती, तिला मी रोखले, आणि उशीर झाला तो माझ्यामुळे. त्यांनी ते लिहून घेतले, वाचून दाखविले व मी सही केली. आयुष्यात हजारो कागदांवर सह्या केल्या. ही करताना नाव पूर्ण लिहिण्यास वेळ लागला. प्रकरण त्यांनी तेथेच बंद केले. शबनूरचा करार पूर्ववत वाढेल, असे त्यांनी तिला माझ्यासमोर सांगितले.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यापाशी आली. माझी समजूत अशी की ती काही बोलेल व ते मला ऐकावे लागेल; त्यासाठी मी मनाने तयार होतो. ती म्हणाली, आजोबा, आजींबरोबर तुमच्याही बीपीच्या गोळ्या मीच द्यायचे, त्या संपून महिना झाला असंल, सोमवारी या. मी मान हलविली. क्षमा मागावयाची होती, वाक्यही घरून जुळवून नेले होते. ते उच्चारता आले नाही. सोमवारी जाईन तेव्हा प्रयत्न करीन.

अमोघ रागावला आहे. तो म्हणतो, तुम्ही आईचा पक्ष सोडलात. त्याला समजावण्याइतके बळ आज माझ्यात नाही.

आता एक गोष्ट उरते. ती चौकशीत कोणी विचारली नाही, म्हणून तेथे सांगितली नाही. तुलाही मागील पत्रात मी सर्व लिहिल्यासारखे लिहिले, परंतु ही लिहिली नव्हती. तू लीलाची बहीण आहेस; ही गोष्ट तुला ठाऊक असावयास हवी.

मी कार्ड वाचीत होतो तेव्हा लीला बाकावर बसली होती. तिला बोलता येत नव्हते. शबनूरच्या हातातली सुई पाहून तिने स्वतःच दंडावरची बाही वर सरकविली आणि दंड पुढे केला. मुलगी तिच्याकडे वळली. मी मध्ये गेलो. एका हातात कार्ड होते. दुसऱ्या हाताने मी लीलाची बाही खाली ओढली आणि तिला म्हणालो की घाई करू नकोस, नियमाने होऊ दे.

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. बेचाळीस वर्षे माझे ऐकत आली, तशीच तेव्हाही तिने ऐकले, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मागच्या पत्रात तू लोभाचे लिहिले नाहीस. मीही आज मागत नाही. पत्र पोहोचल्याचे तेवढे कळव.

नरहरी