रिंगखालचं अंगण

सगळ्यात आधी आली ती माझी मोठी चुलत जाऊ प्रेमला. मृत्युपत्राच्या साक्षीला दहाला बोलावलं होतं, ही साडेआठलाच दारात. "काय गो पुतळा, माज्या नावावर काय लिवलंस?" म्हटलं, साक्षीदाराला काय द्यायचं नसतं, कायदा हाय. तोंड एवढंसं झालं, पण चहा दोनदा घेतला. मग ऋषी सर आले, माझ्या नातीचे बास्केटबॉलचे मास्तर. आता दोघांसमोर लिहिते.

मी पुतळाबाई पंढरी म्हात्रे, वय बहात्तर, राहणार तळवली, नवी मुंबई. शाळा चौथीपर्यंत, पण डोकं शाबूत आहे. हे मी कुणाच्या धाकानं किंवा शिकवण्यानं लिहीत नाही. मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय.

एक. राहतं घर, खालचं नि वरचं, मुलगा धनेश याला. मुलगा गुणी आहे, फक्त बिल्डर दिसला की विरघळतो.

दोन. माझी ठुशी आणि पितळेचा हंडा मुलगी सोनलला. हंडा तिनं दोनदा मागितलाय, तिसऱ्यांदा मागायला लावू नये.

तीन. घरापुढचं अंगण, त्यातला लोखंडी खांब, फळी आणि रिंग, हे सगळं धनेशची मुलगी भाविका हिला, एकटीला. तिथे गाळा, खोली, पार्किंग काही काढायचं नाही. धनेश, रागावू नकोस, आधी ऐक.

भाविका बारा वर्षांची होती. सर अंगणात तिला सांगत होते, चेंडू तळहातावर नको, बोटांवर घे. पोरीला जमेना. मी ओट्यावरून ओरडले, "अगं, तांदळाची भाकरी तव्यावर कशी टाकतेस? तळव्याला चिकटली की फाटते, बोटांवरून सुटते!" लगेच जमलं. जोर गुडघ्यातून घ्यायचा, हेही मीच सांगितलं. मिठागरावर मिठाची पाटी मी गुडघ्यांच्या जोरावर डोक्यावर घेत होते. नुसत्या हातानं उचलणाऱ्या बाया दुपारपर्यंत बसायच्या. कोपर चेंडूखाली सरळ, आणि चेंडू सुटल्यावर मनगट वाकवून हात तसाच वर ठेवायचा, हे मात्र सरांचं. मला वाटायचं, चेंडू तर गेला, आता हात वर कशाला? पण त्या हाताकडे बघूनच कळतं, फेक सरळ गेली की नाही.

आता माझी चूक. रिंग दहा फुटांवर हवी होती. धनेश टेप आणायला गेला तो गेलाच, म्हणून मी माझ्या हातानं सात हात मोजले. कुंपण, जाळं, सगळं आम्ही तसंच मोजत आलो. पण माझा हात आखूड. रिंग आठ बोटं खाली बसली. पोर वर्षभर तिच्यावर शिकली आणि वाशीच्या स्पर्धेत प्रत्येक चेंडू रिंगच्या पुढच्या काठावर आपटला. तेव्हा प्रेमला म्हणाली होती, "पोरीची जात, चड्डी घालून उड्या मारते, वर हरते पन!" भाविका रडली नाही. घरी येऊन टेप लावली नि म्हणाली, "आजी, रिंग नाय, तू बुटकी हायस." खांब वर केला. रोज शंभर फेका. यंदा माझी नात महाराष्ट्राच्या संघात आहे! आता प्रेमला पाहुण्यांना सांगते, "आमची भाविका." हे वाचून दाखवलं तर म्हणते, "लिव लिव, सगला लिव."

चार. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, तर उगाच भजी, वडे ठेवत बसू नका. धनेशनं मोठ्यानं म्हणावं, "आये, अंगण पोरीचंच." मी लगेच येते.

सही: पुतळाबाई पंढरी म्हात्रे (स्वतःच्या हातची, अंगठा नाही)

साक्षीदार: १. प्रेमला म्हात्रे २. ऋषी सर

तळवली, शनिवार, १७ जानेवारी २०२६.

अंगण मागायला आलेली बिल्डरची माणसं येत्या बुधवारी पाचला परत येतो म्हणालीत. पाचला भाविकाचा सराव असतो. शंभर फेका होईपर्यंत त्यांना कुंपणाबाहेर उभं राहावं लागेल.