अप्पांनी निवडलेला टीव्ही

ती. ताईस,

शि. सा. न. भावोजींची पाठ आता कशी आहे? इकडे सगळं ठीक आहे (हे वाक्य सवयीनं लिहिलं, त्यावर जाऊ नकोस). फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. पण अप्पांचे कान अजून तिखट आहेत आणि आमच्या घराच्या भिंती पातळ.

तर टीव्हीची हकिगत. जुना टीव्ही गेल्या महिन्यात वारला. अप्पा तरीही त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे, सांत्वनाला आल्यासारखे. नवा घ्यायचं ठरलं आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. भावोजी म्हणाले, ओएलईडीच घ्या. साधा एलईडी घेतलात तर मी पुन्हा तुमच्या घरी पाऊल ठेवणार नाही. खालच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, क्यूएलईडी घ्या, भर उजेडातही स्वच्छ दिसतो. हिला पुसायला सोपा हवा होता. मी तिघांनाही हो म्हणालो (मला याच घरात राहायचंय).

अप्पांना घेऊन दुकानात गेलो. टीव्ही ओळीनं लावलेले, बहुतेक सगळ्यांवर एकच पोपट. विक्रेता ओएलईडीपाशी थांबून काळ्या रंगाचंच कौतुक करत बसला. यातला काळा म्हणजे पूर्ण काळा, उजेडाचा लवलेश नाही, म्हणे. अप्पा म्हणाले, तेवढ्यासाठी टीव्ही कशाला घ्यायचा. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, ताई.

मग अप्पा ओळीच्या कडेकडेनं चालत शेवटच्या टीव्हीपाशी गेले, त्याच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि निकाल दिला, "हा घे. चित्र शांत आहे, डोळ्यांना त्रास नाही."

तो टीव्ही बंद होता. त्याची वायरसुद्धा जोडलेली नव्हती. आवाज शेजारच्याचा येत होता. विक्रेत्यानं तोंड उघडलं तसं मी त्याचं कोपर दाबलं. बिचारा काय ते समजला आणि मुकाट्यानं तोच टीव्ही बांधून दिला. (साधा एलईडी निघाला. भावोजींना तूच सांग.)

परतताना गाडीत मी विचारलं, कधीपासून दिसत नाही? अप्पा म्हणाले, "ताईला कळवू नकोस. ती रडेल, आणि मला ते ऐकू येईल."

डॉक्टरांना दाखवलं. उजवा डोळा गेलाय. डाव्याच्या कडेला थोडं दिसतं, तेही फार टिकणार नाही, आणि त्यावर इलाज नाही. मला फार वाईट वाटतंय आणि घरात ते दाखवायची सोय नाही. अप्पा मात्र रोज नव्या टीव्हीसमोर बसून रंगांची तारीफ करतात. मी शेजारी बसून हो ला हो करतो.

मुलांना आशीर्वाद. कळावे.

तुझा धाकटा

ता. क. लवकर ये. भावोजींनी शब्द पाळायचा ठरवलं तर एकटी ये. आल्यावर अप्पांच्या डाव्या हाताला, अगदी जवळ बस. तेवढ्या जागेत अजून एक चेहरा मावतो. तिथे टीव्ही काय कामाचा, तू हवीस.

पुन्हा ता. क. टीव्ही छान आहे म्हण, तो त्यांनी निवडलाय. आणि रडू आलंच तर आधी आवाज मोठा कर. रिमोट खुर्चीच्या हातावर असतो. मीही तेच करतो.