नऊ इंचांच्या आतला चाकू

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

प्रिय मुबारक,

मोतीरामचा आधी सलाम, मग रामराम. गुडघे कसे आहेत? साखर? मी ठणठणीत आहे, डावा खांदा, उजवा कान आणि मधला थोडा भाग सोडला तर. गेल्या शुक्रवारी मी हैदराबादला तुझ्या दारात उभा असणार होतो. नाही पोचलो. त्याला कारण भारत सरकारचा शस्त्र कायदा. सविस्तर लिहितो, कारण थोडक्यात लिहिलं तर तुझा विश्वास बसायचा नाही.

तुझ्या नातीचा, लुबनाचा, फोन आला होता. म्हणाली, दादा आता घरच्यांनाच नावं विचारतात, आणि दिवसभर दोन बोटांनी हवेत काहीतरी तासत बसतात. काय ते डॉक्टरलाही कळत नाही. मला कळलं. तू बोरू तासतोयस. वेरूळच्या शाळेत साऱ्या वर्गाचे बोरू तूच तासायचास, आणि मी नदीची कविता म्हणायला उभा राहिलो की मागून पुढची ओळही तूच पुरवायचास. (तिसऱ्या कडव्यापाशी मी अजून अडतो. थोडा वेळ थांबून बघतो, मग खाली बसतो.) सातवीनंतर तुमचं बिऱ्हाड हलताना तुझा पितळी मुठीचा चाकू माझ्याकडं राहिला होता. म्हटलं, तो तुझ्या बोटांत द्यावा. माणूस विसरला तरी बोटं विसरत नसतील.

पण हल्ली आपल्या शहरात पोरं तलवारी परजत फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी हात जोडून पोलिसांबरोबर फोटो काढतात. तेव्हा कायदा समजून घ्यावा म्हणून चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी सांगितलं, की पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलं तर परवान्याची भानगड. त्यातही घरकामाच्या, शेतीच्या अवजारांना सूट. मी विचारलं, तेलंगणात किती इंच? ते म्हणाले, कायदा साऱ्या देशाला एकच, फक्त सणासुदीला जागोजागचे मनाई हुकूम निघतात ते बघायचे. (आपण पहिलीत होतो तेव्हा औरंगाबाद अन् हैदराबाद एकाच राज्यात होतं रे. तेव्हा तुझ्या गावाला जायला सरहद्द नव्हती, आणि जायची गरजही नव्हती, कारण तू शेजारच्या बाकावर होतास.) मग मी पिशवीतून चाकू काढला. हवालदारांनी पट्टी लावली. अडीच इंच. “आजोबा, ह्यानं पेरू तरी कापतो का?” म्हणाले. मला तुझ्या वतीनं राग आला.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातही पट्टी लावली. नारळ फोडायचा कोयता साडेदहा इंच भरला. सूनबाई निशाला समज दिली, तर ती म्हणाली, “मामंजी, मग आजची भाजी चौकीतनंच चिरून आणा.” (सूट असते हे तिला सांगायचं राहून गेलं. भाजी त्या दिवशी झालीच नाही.)

शुक्रवारी चिकलठाण्याच्या विमानतळावर गेलो. चाकू खाली जाणाऱ्या सामानात टाका, असं हवालदारांनी बजावलं होतं. पण तुझा चाकू परक्यांच्या बोचक्यांत कसा टाकू? खिशात ठेवला. तपासणीला यंत्र ओरडलं. जवान बाईंनी हात पुढं केला, “दीजिए.” आता तूच सांग, सुरी, मिरची आणि मीठ कधी कुणाच्या हातात देतात का? भांडण होतं. म्हणून मी रीतीप्रमाणं वाकून चाकू जमिनीवर ठेवला, दोन पावलं मागं सरलो आणि म्हणालो, “उचला.”

मुबारक, सगळा विमानतळ माझ्याकडं वळला. तीन जवान धावत आले. “हाथ ऊपर!” उजवा गेला, डावा जाईना (खांदा!), त्यामुळं मी शपथ घेतल्यासारखा उभा राहिलो. शेवटी त्या बाईच हसल्या. म्हणाल्या, “हमारी अम्मा भी मिर्ची हाथ में नहीं देती थी.” चाकू मला परत मिळाला, पण विमानात नेता येईना. आणि चाकूशिवाय येऊन काय करू? म्हणून परतलो. कायद्यापुढं इलाज नाही.

घरच्या सगळ्यांना दुआ. लुबनाच्या डोक्यावरून माझ्या वतीनं हात फिरव.

तुझा,
मोतीराम

ता. क. विमान सुटायला तेव्हा पाऊण तास होता. बाईंनी समजावून सांगितलं होतं, की मागं जाऊन पिशवी सामानात द्या, बाबा, आरामात होईल. मी रिक्षा केली आणि घरी आलो. कायद्याचा काही दोष नाही. तू मला नाव विचारशील, ह्याची भीती वाटली.

आणखी ता. क. हे लुबनासाठी. बेटी, तुला हिंदी येतं, अक्षरं तीच आहेत. पत्र दादांना मोठ्यानं वाचून दाखव. वाचून झाल्यावर त्यांनी “हा मोतीराम कोण?” असं विचारलं, तर मला कळवू नकोस. येत्या शुक्रवारचं तिकीट काढलं आहे. मी आल्यावर माझं मीच सांगेन.