पांढरी जीभ

तांता, १२ डिसेंबर १९९८

ती. इन्शिराहताईस,
कौसरचा सलाम वि. वि.

पत्र मिळालं. भावजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. खोकला गेल्यावरच बहिणीची आठवण आली, हेही लक्षात ठेवलंय.

ताई, रुवैदाला तू घरी इन्सुलिन टोचतेस आणि शाळेत कुणालाच माहीत नाही, हे वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. अकरा वर्षं मी शाळेच्या दवाखान्यात नर्स आहे. आठ दिवसांवर रमजान आला. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना जीभ दाखवायला लावतात: पांढरी तो रोजेदार, लाल तो खादाड. आठ वर्षांची पोर ही चेष्टा सोसेल का? सुई घेऊन उपाशी राहिली तर रक्तातली साखर उतरेल, शुद्ध हरपेल. तिथल्या नर्सला सांग, पाया पडते.

रुवैदाला पापा. खोकला नसतानाही लोभ असू दे.
तुझी कौसर

मन्सूरा, २४ डिसेंबर

चि. कौसरला अनेक आशीर्वाद.

तुला मेलीला सगळीकडे आजारच दिसतो. माझ्या लग्नात नवरदेवाची नाडी बघत बसली होतीस! रुवैदाला रोजा नाही, हे मी बजावलंय. डबा रोज रिकामा येतो. तिला रक्त कमी आहे, सुया त्याच्याच, एवढंच सासूबाईंना सांगितलंय. शाळेत कळलं की गल्लीत कळलं, मग उद्या तिला कोण पत्करणार? तू त्या नर्सला लिहायचं नाहीस. तुला बाबांची शपथ.

रागावू नकोस, ईदची बिस्किटं भाजायला ये.
तुझी ताई

तांता, २८ डिसेंबर

ती. ताईस सलाम.

रिकाम्या डब्यावर विसंबू नकोस. आमच्याकडे रोजेदार पोरं डबे मांजरांपुढे ओततात. शपथ घातलीस म्हणून त्या नर्सला लिहिलेलं नाही. आज तरी सांग.
कौसर

मन्सूरा, २ जानेवारी १९९९

कौसर,

गुरुवारी शेवटच्या तासाला रुवैदा बाकावर कोसळली. बाईंना वाटलं, लेकरू रोज्याने थकलंय. सूर्यास्ताला थोडाच वेळ उरलाय, एवढ्यासाठी रोजा कशाला मोडायचा, म्हणत त्यांनी स्वतःची शाल तिच्यावर घातली. शेवटी शेजारची मुलगी घाबरून नर्सकडे धावली.

शाळा समोरच, मला बोलावलं. सासूबाईही आल्या. नर्सने विचारलं, मुलीला साखरेचा आजार आहे का. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी नाही म्हणाले. पोर घामाने भिजली होती, हात झटके देत होते. नर्सने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले, कौसर! मग तिने बाही वर सारली, सुयांच्या खुणा पाहिल्या आणि शिरेतून साखर दिली.

रुवैदा वाचली. पण ती अजून माझ्या हातून सुई घेते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

मंगळवारी मुख्याध्यापिकांपुढे आजाराचं सगळं सांगून सही करायची आहे. सासूबाई सोबत येणार म्हणतात. तू ये. तू नसलीस तर मी तिसऱ्यांदा नाही म्हणेन, याचीच मला भीती वाटते.

आशीर्वाद कुठल्या तोंडाने देऊ? लोभ तेवढा तोडू नकोस.
इन्शिराह